खरी नक्कल

वाचकांचे प्रश्न : घर आणि बांधकाम

(एरवी या पानांवर गळणारी गच्ची, ओल आणि बिल्डरशी झालेले करार यांचे प्रश्न जास्त असतात. या वेळी एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. ते थोडं कमी करून छापते आहे. उत्तर लांबलं, म्हणून दुसरं पत्र एकच घेतलं आहे.)

आदरणीय मॅडम,

मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. कॉलेज पुण्यात, गाव वाईजवळ कृष्णेच्या काठी. या सत्रात प्रत्येकाने आपापल्या गावासाठी एक सार्वजनिक इमारत करायची होती. मी वाचनालय घेतलं. जागा एसटी थांब्याला लागून, ग्रामपंचायतीची, तिन्ही बाजूंनी मोकळी, मागे नदीकडे उतार.

माझं आजोळ चौसोपी वाड्यातलं. आता तिथे मामा एकटाच राहतो आणि दोन सोपे पडले आहेत. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्या चौकात गेल्या, म्हणून वाचनालयाला मी चौक केला, भोवती ओसरी, सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, कौलारू छप्पर. पहिल्या ज्यूरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीटकडे पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात विचारलं, "वाडा दिसला. यात तू कुठे आहेस?" मग म्हणाले, ही नक्कल आहे. मला काही बोलता आलं नाही. हॉस्टेलवर येऊन मॉडेल वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

दुसऱ्या ज्यूरीला मी सगळं बदललं. घड्या घातलेल्या कागदासारखं पत्र्याचं छप्पर, तिरक्या भिंती. आमचे सर म्हणाले, "हे फोनवर पाहिलेलं दिसतंय." खरंच पाहिलेलं होतं.

तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस युरोपातल्या गॉथिकवरून घेतलेलं आहे, आणि ते जागतिक वारसा आहे. मी माझ्याच आजोळावरून घेतलं तर ती नक्कल. भाज्याला सहलीला गेलो तेव्हा सर म्हणाले, ही लेणी लाकडी बांधकामाची दगडातली प्रतिकृती आहेत. म्हणजे आपली सर्वांत जुनी वास्तुकलासुद्धा नक्कलच? इतिहासाच्या पेपरात आम्ही जुन्या वास्तू कशा जपाव्यात हे सांगणारी व्हेनिसची सनद आणि नाराचा दस्तऐवज लिहितो, अस्सलपणाची व्याख्या मला पाठ आहे. पण कोरा कागद समोर आला की हात उचलत नाही. जे सुचतं ते आधी कुणीतरी केलेलं असतं. स्वतःचं काही सुचण्याआधी दुसऱ्यांचं पाहावं लागतं, याची लाज वाटायला हवी का? आणि इतिहास वापरायचा तर खोटेपणा न करता कसा वापरायचा?

– एक विद्यार्थिनी, पुणे

चि. विद्यार्थिनीस,

तुला 'तू' म्हणते. बावीस वर्षं शिकवलं, त्यामुळे तुझ्या वयाच्या मुलीला 'आपण' म्हणायला जीभ वळत नाही.

ते मॉडेल आधी कपाटावरून खाली काढ. परीक्षकांचा प्रश्न चांगला होता. अर्ध्या मिनिटात विचारला हे मात्र वाईट झालं, कारण कुणाच्याही कामात तो माणूस कुठे आहे हे छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र, वाचल्याशिवाय कळत नाही आणि छेद वाचायला वेळ लागतो. पण तुझं पूर्ण पत्र वाचताना मलाही काहीतरी खटकत राहिलं, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर ते सापडलं. वाड्याच्या आठवणींची दोन पानं आहेत आणि त्यात एकही माप नाही. ओसरी किती रुंद, जोतं किती उंच, खांबांमधला खण किती फुटांचा, काहीच नाही. मला वाटतं, तू नक्कल केलीस हा दोष नाही. तू नक्कल अर्धवट केलीस.

'नक्कल' हा शब्द तुला लागला आहे, म्हणून त्याबद्दल सांगते. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. जुन्या दप्तरातले कागद काढायचे आणि मागणाऱ्याला त्यांच्या नकला करून द्यायच्या, हे त्यांचं काम. अस्सल आणि नक्कल ही जोडी आपल्याकडे शतकानुशतकं दप्तरात नांदलेली आहे. दोन्ही शब्द अरबीतून आले, आणि 'अस्सल'च्या मागच्या 'अस्ल'चा अर्थ मूळ असा आहे. वडील नक्कल उतरवून झाल्यावर शेजारच्या कारकुनाला अस्सल कागद मोठ्याने वाचायला लावत आणि स्वतः नकलेवर बोट फिरवत. याला रुजवात घेणं म्हणतात. अस्सल कागद कुठे फाटलेला असला तर नकलेत त्या जागी 'येथे कागद फाटला आहे' असं लिहीत. मनाने अक्षर भरत नसत. शेवटी ओळ असे, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल', आणि खाली सही, तारीख, शिक्का. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ती ओळ तू पाहिली असशील.

खरी नक्कल. हे दोन शब्द एकमेकांशेजारी बसतात आणि त्यांत आपल्याला काही विसंगत वाटत नाही. कारण ती नक्कल आपण नक्कल असल्याचं सांगते, कशाची ते सांगते, केव्हाची ते सांगते, आणि जे माहीत नाही ती जागा कोरी ठेवते. व्हेनिसच्या १९६४च्या सनदेत तू जे पाठ केलं आहेस, की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि नवा भाग जुन्याशी जुळूनही वेगळा ओळखू यावा, ते माझ्या वडिलांना कुणी वाचून दाखवलं असतं तर त्यांना त्यात नवीन काही वाटलं नसतं.

आता भाजे. तिथे पुन्हा जा, एकटी जा, आणि या वेळी दर्शनी कमानीचं स्केच करू नकोस. चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, शिरून अष्टकोनी खांबांच्या रांगेत भिंतीला डोकं टेकवून उभी राहा. खांब सरळ नाहीत, वर जाताना आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडाच्या सभागृहात त्या कलण्याला कारण होतं. कमानदार छप्पर खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून खांब आधीच आत झुकवून रोवायचे. डोंगरात कोरलेल्या लेण्यात कुणी कुणाला ढकलत नाही. तिथे छप्पर म्हणजे डोंगरच, खांब काढून टाकले तरी पडणार नाही. तरीही कोरणाऱ्याने खांब कलते ठेवले. वर पाहा, दगडी छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत. त्यांनी एक चिमूटही भार उचललेला नाही.

हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं काम. तिथून कार्ल्याला जा, लांब नाही. मधे साधारण दोनशे वर्षं गेली आहेत. लाकडी फासळ्या तिथेही आहेत, पण खांब सरळ झाले. कुणाच्या तरी लक्षात आलं की दगडाला झुकायची गरज नाही. मग आणखी पाच-सहाशे वर्षांनी वेरूळचं दहावं लेणं. तिथे फासळ्यासुद्धा दगडातच कोरल्या आहेत, लाकडाचा तुकडा नाही, आणि तरी लोक त्या लेण्याला अजून 'सुतार की झोपडी' म्हणतात. आठशे वर्षं दगडाचे कारागीर सुताराची आठवण काढत राहिले आणि हळूहळू एकेक गोष्ट सोडत गेले. यात कुणा एकाला 'तू कुठे आहेस' असं विचारलं असतं तर भाज्याच्या कोरक्याने काय दाखवलं असतं? कदाचित काहीच नाही. कार्ल्याच्या माणसाने सरळ केलेला खांब दाखवला असता. त्याचं मौलिकपण एवढंच आहे, एका खांबाचा कल काढण्याएवढं, आणि ते मला फार मोठं वाटतं. कल काढायला तो का होता हे आधी कळावं लागतं.

म्हणून पाहण्याची लाज अजिबात बाळगू नकोस. उलट तू कमी पाहिलं आहेस. फोनवरचं ते घड्यांचं छप्परसुद्धा तू पाहिलं नाहीस, त्याचा फोटो पाहिलास. ते कुठल्या देशातलं, तिथे पाऊस किती, घडीच्या खोबणीतलं पाणी कुठे जातं, पन्हळ कुठे लपवली आहे, हे माहीत करून घेतलं असतंस तर कदाचित ते वाईच्या पावसालाही चाललं असतं. घडी वाईट नसते. घडीतलं पाणी कुठे जाणार हे माहीत नसणं वाईट.

टर्मिनसबद्दल तुझा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने ते १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभं केलं, आणि बाह्यरेषा पाहिली तर ती आणलेलीच आहे. पण जवळ जाऊन नक्षी पाहा. कोरीवकामावर मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आजच्या जे.जे.चे विद्यार्थी होते. तुझ्याच वयाची मुलं ती. मोर, माकडं, इथली पानं-फुलं त्या गॉथिक चौकटीत शिरली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, इंग्लंडचा तो सिंह आणि आपला तो वाघ. ती इमारत कुणाच्या सत्तेची आहे हे ती लपवत नाही. २००४ साली ती जागतिक वारसा झाली ती या सगळ्या सरमिसळीसाठी. मला ती आवडते, पण तिच्याकडे बघून 'मग मी घेतलं तर काय बिघडलं' असं म्हणू नकोस. तिथल्या मुलांनी फक्त घेतलं नाही, प्रत्येक पानासाठी झाडासमोर बसून चित्र काढलं असणार. झाडाचं पान मनाने कोरता येत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं अर्धं राहील.

१९९१ साली पुण्यात एका कुटुंबासाठी मी बंगला केला. त्यांना वाडा हवा होता. मला तर फारच हवा होता. काँक्रीटचे खांब उभे केले, त्यांवर फायबरचे साचे बसवून सुरूचे आकार काढले, सागवानी रंग दिला. चौक केला आणि पाऊस नको म्हणून त्याच्यावर पारदर्शक छत घातलं. एप्रिलमध्ये त्या चौकात उभं राहवत नव्हतं. फोटो मात्र सुरेख आले आणि एका मासिकात छापूनही आले.

वास्तुशांतीनंतर दोन महिन्यांनी मी भेटायला गेले, तर घरातल्या आजी दिसेनात. त्या मागच्या दारी, धुणं धुवायच्या जागेच्या पायरीवर पाय खाली सोडून शेंगा फोडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, तुमच्यासाठी एवढी ओसरी केली, तिथे का नाही बसत?" त्या म्हणाल्या, "खांब छान झालेत गं. पण बसायचं कुठं आणि टेकायचं कुठं?"

मी तेव्हा टेप घेऊन ती ओसरी मोजली. जोतं सहा इंच होतं. सहा इंचांवर पाय सोडून बसता येत नाही. गुडघे हनुवटीला येतात. खांब फुगीर, पाठ त्याच्यावरून घसरायची. टिचकी मारली की आतून पोकळ वाजायचा. पुढच्या रविवारी मी वाईला एका ओळखीच्यांच्या वाड्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाडा नीट मोजला. चौकापासून ओसरीची उंची वीस इंच निघाली. खण साडेपाच फुटांचा, म्हणजे दोन खांबांच्या मधे दोन माणसं ऐसपैस आणि तिसरं सरकून बसेल. आणि खांबावर एक गोष्ट दिसली, जी मी त्याआधी कितीतरी वाड्यांत जाऊन पाहिली नव्हती. जमिनीपासून साधारण दीड ते अडीच फुटांच्या मधे चौकाकडे तोंड करून बसलं की पाठीला येणारा प्रत्येक खांबाचा भाग गुळगुळीत आणि काळसर होता. बाकीच्या लाकडाचे रेषे हाताला लागत होते, तेवढा पट्टा काचेसारखा. दोनशे वर्षांच्या पाठी होत्या त्या. खांबाखाली दगडी तळखडा होता. चौक सारवला, धुतला तरी पाणी लाकडापर्यंत येत नव्हतं.

माझ्या बंगल्यात खांबाचा आकार होता. पाठ नव्हती, तळखडाही नव्हता. त्या नकलेची रुजवातच कुणी घेतली नव्हती.

तुझ्या वाचनालयाकडे वळते. आजोळी चौक का आहे? दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती लागून, रस्त्याकडे खिडक्या ठेवायच्या नाहीत असा काळ, मग उजेड आणि वारा वरूनच घ्यायचा. घरातल्या बायकांची सगळी कामं उघड्यावर पण आडोशाला करायची. चौक हे त्या अडचणीचं उत्तर आहे. तुझी जागा तिन्ही बाजूंनी मोकळी, मागे नदी. तुला तीच अडचण आहे का? महाबळेश्वरकडून येणारा पाऊस त्या चौकात कोसळणार, मुलं चार महिने ओली पुस्तकं घेऊन फिरणार. याउलट एसटीची वाट पाहणारी माणसं आत्ता कुठे बसतात, ते मोजलंस का? मला दिसतं की तुझ्या जागेला वाड्याची रस्त्याकडची ओटी हवी आहे, चौक नको. पण ती जागा मी पाहिलेली नाही. तू तिथे जून महिन्यात एक पूर्ण दिवस बस आणि मग माझं म्हणणं खोडून काढ. चौक ठेवायला तुला दुसरं कारण सापडलं, लहान मुलं रस्त्यावर पळू नयेत एवढंच जरी, तरी तो चौक तुझा झाला.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या आठवणींत नाही, असणारही नाही, कारण तू त्या वाड्याची नात आहेस. तसल्या वीस इंचांच्या जोत्यावर कोण बसत होतं आणि कुणाला खाली उभं राहावं लागत होतं? माझ्या आजोळी ओटीवर यायची मुभा कुणाला, पडवीपर्यंत कोण, अंगणातच कोण थांबणार, हे सगळ्यांना न सांगता माहीत होतं. पायऱ्या आणि उंबरे माणसांची वर्गवारी करत होते. आजींना पाय सोडून बसायला जे जोतं मी शोधत होते, तेच जोतं कुणाला तरी वर येऊ देत नव्हतं. वाड्याचा इतिहास अस्सल हवा तर तोही यात आला. सार्वजनिक वाचनालयात ते जोतं वापरताना तुला ठरवावं लागेल. बसायची कड ठेव, पण दाराशी रस्ता आणि आतली फरशी एका पातळीत आण, म्हणजे म्हातारा, चाकाच्या खुर्चीतला, पाटीखालून आलेली बाई, कुणालाही आत येताना एक पाऊलही चढावं लागणार नाही. जागेला उतार आहे, तो तुला इथे मदत करेल. असं केलंस आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं 'यात तू कुठे', तर त्या दाराच्या पातळीवर बोट ठेव.

जुनं ते आपोआप खरं, असंही मानू नकोस. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर काही दिवसांनी मी तिथे मदतीला गेले होते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती दुभंगून आत-बाहेर कोसळल्या होत्या, वर माळवदाच्या, म्हणजे सपाट छपराच्या, मातीचं ओझं. झोपेत हजारो माणसं गेली. त्या भिंतींची बाहेरची फळी आणि आतली फळी एकमेकींना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, मधे नुसती भर होती. आणि त्याच ढिगाऱ्यांत कितीतरी घरांचे लाकडी सांगाडे, खांब आणि तुळया, उभे होते. लोक नंतर दगड म्हटलं की घाबरू लागले, ते मी समजू शकते. पण तिथे दोन्ही गोष्टी परंपरेतल्याच होत्या, एक पडली आणि एक टिकली. वरून पाहणाऱ्याला दोन्ही एकाच जुन्या घराचे भाग दिसले असते. मामाच्या पडलेल्या दोन सोप्यांमध्ये भिंतीचा छेद आता उघडा पडला असेल. तो पावसाळ्याआधी काढून ठेव. उभ्या वाड्यात तो कधीच दिसत नाही.

नाराबद्दल थोडंसंच. १९९४च्या त्या दस्तऐवजाने अस्सलपणा त्या-त्या संस्कृतीच्या मापाने जोखायला सांगितला, कारण जपानसारख्या देशात लाकडाची देवळं सतत उलगडून दुरुस्त होतात. इसेचं देऊळ तर वीस-वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा नवं बांधतात, शेवटचं २०१३ साली झालं. त्यातला एकही वासा जुना नसतो. जुनी असते ती सुतारांची पद्धत, कारण वीस वर्षांत एक पिढी दुसरीला शिकवून मोकळी होते. आपल्याकडे आपण लाकूड जपतो, तेही जमलं तर. ते जोडणारा सुतार आपण जपला नाही. तुझ्या तालुक्यात लाकडाच्या सांध्याची खाच आणि तीत बसणारं कुसू हाताने काढणारा एखादा म्हातारा अजून असेल, त्याला शोध. वाचनालयाच्या ओटीचा निदान एक सांधा त्याला विचारून काढ.

घेतलेलं पूर्ण पचवलं की काय होतं ते पाहायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र पाहा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ते लोकांसाठी खुलं असतं. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी मधे पायऱ्यांचं कुंड केलं आहे, भिंती काळ्या दगडाच्या, त्यातला बेसॉल्ट आपल्याच डोंगरांचा. कुंडात पाणी नाही, देव नाही. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आवारात आहेत. मी तिथे गेले की कुंडाच्या पायरीवर बसते, आणि टेप नेहमी पर्समध्ये असतो.

पुढच्या ज्यूरीच्या शीटवर एक कोपरा रिकामा ठेव. जे जे कुठून घेतलं ते तिथे लिही. जोतं आजोळचं, उंची अमुक, दाराशी शून्यावर आणलं, कारण अमुक. खण वाड्याचा, सागाऐवजी लोखंड घेतलं म्हणून साडेपाचाचा अकरा फूट केला. जे आठवत नाही, तिथे 'माप मिळालं नाही' असं लिही. खाली सही कर आणि तारीख घाल. आणि मला त्या शीटचा फोटो पाठव.

दुसरं पत्र

आमचा नाशिकचा सामाईक वाडा आता पाडायचा ठरला आहे. जुन्या लाकडाचा एक व्यापारी कोरीव खांबांना चांगला भाव देतो आहे. ते म्हणे एका रिसॉर्टला जाणार. घरातल्या काहींना वाटतं, दोन खांब नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात लावावेत. पण मग ते नाटकाच्या नेपथ्यासारखं दिसेल का? काय करावं?

– एक वाचक, नाशिक

आधी महापालिकेत चौकशी करा की वाडा वारसा यादीत आहे का. असेल तर पाडण्याचा निर्णय तुमच्या एकट्याचा राहत नाही. आणि 'पाडायचा ठरला' हे सगळ्या भावकीने एकदा जुन्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाला वाडा दाखवून मग ठरवावं, अशी माझी विनंती आहे. पुष्कळदा एक सोपा कुजलेला असतो आणि तीन चांगले असतात.

खरोखर जाणारच असेल, तर दोन सुटे खांब घेऊ नका. एक अख्खा खण घ्या, दोन खांब, त्यांच्यावरचं कोरीव लाकूड, तुळई आणि मधली कमान. सुटा खांब कुठल्याही खोलीत पाहुण्यासारखा उभा राहतो, खण मात्र आपली जागा स्वतः तयार करतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर मधल्या मोठ्या दालनातल्या लाकडी कमानी आणि कठडे पाहा. जॉर्ज विटेटने ती इमारत आखताना ते नाशिकच्याच एका वाड्यातून आणून बसवले. तुमच्या गावचं लाकूड शंभराहून जास्त वर्षं तिथे आहे आणि ते नेपथ्य वाटत नाही, कारण तिथेही ते कठड्याचं आणि कमानीचंच काम करतं आहे. तुमच्या खणालाही काम द्या. दिवाणखाना आणि बाल्कनी यांच्या मधे तो बसला तर उत्तम.

सोडवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर तैलरंगाने आकडा घाला, खडूने नको, आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढून त्या फोटोंवर तेच आकडे लिहा. खिळे उपसताना पहारीने उचकटू देऊ नका, लाकूड सांध्यापाशीच फाटतं. आणि तळखडे विसरू नका. व्यापारी लाकूड नेतो आणि ते दगड राडारोड्यात टाकून जातो. फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर खांब थेट उभा केलात, तर रोज फरशी पुसताना खालून पाणी चढेल आणि ज्या लाकडाला दोनशे वर्षं वाळवी लागली नाही ते दहा वर्षांत बुडापासून मऊ पडेल.